चेहरा विसरायला लावणारं क्रीम

चांगल्या मॉइश्चरायझरची माझी व्याख्या एका ओळीची आहे. ते लावून पाच मिनिटं झाली की आपल्याला चेहरा आहे, हे आठवता कामा नये. कातडी ओढल्यासारखी वाटू नये, चिकचिक होऊ नये, बोट सारखं गालाकडे जाऊ नये आणि दुकानाच्या काचेत स्वतःला बघून पाऊल अडखळू नये.

असं एक मॉइश्चरायझर माझ्याकडे चार वर्षं होतं. पांढरी ट्यूब, हिरवं झाकण, साठ मिलिलिटर, किंमत ३४५ रुपये. यंदा फेब्रुवारीत कंपनीने त्याचा फॉर्म्युला बदलला. नाव तेच, रंग तोच, झाकणही तेच. फक्त एका कोपऱ्यात, बारीक सोनेरी अक्षरांत, 'नवं, अधिक चांगलं' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ आली. हा लेख म्हणजे त्या नव्या ट्यूबचा रिव्ह्यू आहे. कंपनीचं नाव मी घेणार नाही. उद्या तुमच्या आवडत्या ट्यूबचंही हेच होऊ शकतं, आणि तेव्हा तुम्हाला माझ्या ट्यूबचं नाव नाही, तुमची ट्यूब वाचता येणं उपयोगी पडेल.

पण एका क्रीमवर एवढं कशाला लिहायचं, असं वाटत असेल तर आधी त्या चार वर्षांबद्दल सांगते.

मी सोलापूरची. चौदाव्या वर्षी मला पिंपल्स आले, आणि आले ते मुक्कामालाच आले. कपाळ, गाल, हनुवटी, काही सोडलं नाही. त्या वयात मला कळलं की मुलीच्या चेहऱ्याबद्दल बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. वास्तुशांतीला जा, हळदीकुंकवाला जा, नाहीतर नुसती पिठाच्या गिरणीवर उभी राहा. "तोंडाला काय झालं गं?" हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. त्याचं उत्तर कुणाला नको असतं. तो विचारून झाला की उपाय सुरू होतात. मुलतानी माती. कडुनिंबाचा पाला. रात्री टूथपेस्ट लावून झोप. तळलेलं बंद कर. पोट साफ होत नसेल. एका काकूंनी तर आईला धीर दिला होता, "लग्न झालं की जातात हो आपोआप." मी तेव्हा नववीत होते.

बाविसाव्या वर्षी नोकरीसाठी मुंबईत आले आणि पहिल्या पगारातून त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू केल्या. हे औषध त्वचेतल्या तेलग्रंथींचं काम कमी करतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं, आणि गरोदरपणात तर अजिबात नाही. काही महिन्यांत पिंपल्स गेले, पण त्यांच्याबरोबर तेलही गेलं. ओठ फुटले, ऐन मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत माझे गाल उलले. डॉक्टरांनी कागदावर तीनच गोष्टी लिहिल्या: साधा फेसवॉश, सनस्क्रीन आणि हलकं, बिनवासाचं मॉइश्चरायझर.

तिसऱ्या प्रयत्नात ही ट्यूब सापडली. ती लावायला लागल्यावर महिनाभराने, एका संध्याकाळी डोंबिवलीला उतरून जिना चढताना लक्षात आलं, की सकाळी घर सोडल्यापासून आपण एकदाही आरसा बघितलेला नाही. ऑफिसच्या बाथरूममध्ये हात धुतले, तेव्हाही नाही. चौदाव्या वर्षानंतर असा दिवस पहिल्यांदाच आला होता. पुढे असे दिवस इतके झाले की मी ते मोजणं सोडलं. ३४५ रुपयांत मला हे मिळत होतं. त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या सकाळी नाकाच्या दोन्ही कोपऱ्यांना चुरचुरलं, तेव्हा मला आधी राग आला नाही. आधी मी आरशाकडे गेले.

आमच्या घरी ट्यूब संपली की ती कात्रीने मधोमध कापायची आणि आतलं सगळं निपटून घ्यायचं, अशी पद्धत आहे. ती इथे उपयोगी पडली. जुन्या ट्यूबचं कापलेलं कातडं अजून बाथरूमच्या खिडकीत होतं. ते आणि नवी ट्यूब ओट्यावर शेजारी ठेवून मी दोन्हींच्या मागची बारीक अक्षरं मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठी करून वाचली.

घटकांची यादी वाचायचा नियम सोपा आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. आपल्याकडच्या कायद्यातही हेच आहे. म्हणून पहिली पाच-सहा नावं म्हणजे जवळजवळ सगळं क्रीम. जाहिरातीत मिरवलेला घटक बऱ्याचदा शेपटाकडे, चिमूटभर असतो.

जुन्या यादीची सुरुवात अशी होती: पाणी, ग्लिसरीन, सायक्लोपेंटासिलोक्सेन, डायमेथिकोन, नायसिनामाइड. नवी यादी: पाणी, कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, ग्लिसरीन, सेटेअरिल अल्कोहोल, स्क्वालेन, नायसिनामाइड. आणि अगदी शेवटी, जुन्या यादीत कुठेच नसलेला एक शब्द: फ्रॅग्रन्स. सुगंध.

'अल्कोहोल' वाचून दचकू नका. सेटेअरिल अल्कोहोल हा मेणासारखा मऊ पदार्थ असतो, त्याने त्वचा कोरडी पडत नाही. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल वेगळं. खरा बदल दुसरीकडे होता. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावरची दोन्ही सिलिकॉन्स गेली होती आणि त्यांच्या जागी तेलाच्या जातीचे पदार्थ आले होते. ट्यूबवर 'लाइटवेट' हा शब्द मात्र जिथे होता तिथेच होता.

हलकं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. माझी आजी प्रत्येक क्रीमला 'स्नो' म्हणायची. 'स्नो-पावडर' हा आपल्याकडे जोडशब्दच आहे, नटण्याचं दुसरं नाव. हा स्नो म्हणजे व्हॅनिशिंग क्रीम. त्यात स्टिअरिक आम्ल, थोडं अल्कली आणि भरपूर पाणी असतं. अल्कली त्या आम्लाच्या काही भागाचा साबण करतं, आणि तो साबण उरलेलं आम्ल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो. चेहऱ्यावर चोळलं की पाणी उडतं, पांढरेपणा दिसेनासा होतो आणि तेलकट न वाटणारा एक पातळ थर राहतो. मुंबईत ई. एस. पाटणवालांनी आणलेलं, शंभरेक वर्षांपूर्वीचं 'अफगाण स्नो' याच घराण्यातलं. म्हणजे 'लावावं, पण लावलेलं कळू नये' ही इच्छा इन्स्टाग्रामने जन्माला घातलेली नाही. आपल्या पणज्यांनाही तेच हवं होतं.

पुढे हे काम सिलिकॉनने जास्त सफाईने केलं. सायक्लोपेंटासिलोक्सेन हे पातळ, झटकन पसरणारं आणि हवेत उडून जाणारं सिलिकॉन आहे. ते बाकीचे घटक चेहराभर सारखे पसरवतं आणि स्वतः निघून जातं. आपण ज्याला हलकेपणा म्हणतो, तो बराचसा या निघून जाण्याचा गुण. स्क्वालेन आणि ट्रायग्लिसराइड तसे निघून जात नाहीत. ते त्वचेवर बसतात, तिला मऊ करतात आणि तिथेच राहतात. हा काही दुर्गुण नाही. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर साधारण १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. पीटर इलायस या संशोधकांनी त्याला विटांच्या भिंतीची उपमा दिली. मृत पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधली सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल अशी स्निग्ध द्रव्यं म्हणजे चुना. चुना झिजला की भिंतीतून पाणी बाहेर जातं आणि बाहेरचं आत झिरपतं. तेलाच्या जातीचे घटक त्या फटी बुजवायला मदत करतात. माझ्या तक्रारीचा मुद्दा वेगळा होता: हे क्रीम आता वेगळ्या जातीचं झालं होतं आणि नाव जुन्याचं चालवत होतं.

कंपन्या फॉर्म्युला का बदलतात? 'खर्च वाचवायला' हे उत्तर सगळ्यांच्या तोंडावर असतं, आणि माझ्या ट्यूबच्या बाबतीत ते अगदीच निराधार नव्हतं. ६० मिलिलिटर ३४५ रुपयांना मिळायचं, आता ५० मिलिलिटर ३६५ रुपयांना मिळतं. मिलिलिटरमागे पावणेसहा रुपयांचे सात रुपये तीस पैसे झाले. ही सुमारे २७ टक्के वाढ आहे, आणि ती सोनेरी अक्षरांत लिहिलेली नाही.

पण हे एकच उत्तर नाही. जे सिलिकॉन हवेत उडतं, ते कुठेतरी जातंच. पर्यावरणात ते सहज मोडत नाही, साचत राहतं. म्हणून युरोपीय संघाने २०२० पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांमध्ये, म्हणजे शाम्पू, फेसवॉश वगैरेंत, सायक्लोपेंटासिलोक्सेनवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. २०२४ मध्ये ही मर्यादा चेहऱ्यावर लावून ठेवायच्या क्रीमपर्यंत वाढवायचं ठरलं, आणि ते २०२७ च्या जूनपासून लागू होणार आहे. ज्या कंपन्या दहा देशांत माल विकतात, त्यांना दहा वेगळी क्रीमं बनवण्यापेक्षा एकच बदलणं सोयीचं असतं. माझ्या गालावरचं सुख समुद्रात साचत असेल, तर ते बदलायला माझी हरकत नाही.

कधी बदल पुराव्यापेक्षा भीतीने होतो. २००४ मध्ये फिलिपा डार्बर यांच्या संशोधनात स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांमध्ये पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हचे अंश सापडले. त्या अभ्यासात निरोगी ऊतींशी तुलना नव्हती आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असं त्यातून सिद्धही झालं नव्हतं. तरी 'पॅराबेन-फ्री' हा शब्द ट्यूबवर छापला की माल खपतो, हे सगळ्यांना कळलं. काही पॅराबेन्सवर युरोपने २०१४ मध्ये बंदी घातली, पण मिथाइलपॅराबेनसारखी नेहमीची तिथे आजही ठरावीक प्रमाणात चालतात. या घाईत अनेक उत्पादनांत मिथाइलआयसोथायझोलिनोन नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह आलं. त्याची इतक्या लोकांना अ‍ॅलर्जी निघाली की अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिसच्या तज्ज्ञसंस्थेने २०१३ साली त्याला 'अ‍ॅलर्जेन ऑफ द इयर' म्हटलं, आणि युरोपने २०१७ मध्ये लावून ठेवायच्या क्रीममधून त्याला बाहेर काढलं. भीतीने बदललेला फॉर्म्युला आणि पुराव्याने बदललेला फॉर्म्युला, दोघांच्याही ट्यूबवर 'नवं, अधिक चांगलं' हेच लिहिलेलं असतं.

१९७५ साली आपल्याकडे आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झालं, तेव्हा किती चर्चा झाली, आठवून बघा. अग्रलेख आले, मीम्स आले, घराघरांत वाद झाले. नाव बदललं तर देशभर बातमी होते. नाव तेच ठेवून आतला माल बदलला, तर ते फक्त चेहऱ्यांना कळतं, आणि ते सुटे सुटे, आपापल्या बाथरूममध्ये.

मग मी ठरवलं, की चिडायच्या आधी नीट तपासू. त्वचेच्या संशोधनात अर्ध्या चेहऱ्याला एक औषध आणि अर्ध्याला दुसरं लावून तुलना करतात. तेच करायचं होतं, पण त्यासाठी जुनं क्रीम हवं होतं. डोंबिवलीच्या मेडिकलवाल्याने हात वर केले, "ताई, जुना माल संपला." ऑनलाइनही सगळीकडे नवीच ट्यूब. शेवटी आईला फोन केला.

आईने सोलापुरात तीन मेडिकल पालथी घातली. पहिल्या दुकानात तिने सांगितलं, "पोरीला नवं क्रीम लागतं हो." त्याने तत्परतेने नवी ट्यूब काढून दिली. आई म्हणाली, "अहो, लागतं म्हणजे चुरचुरतं! जुनं द्या." तिसऱ्या दुकानात मागच्या रांगेत धूळ खात पडलेली एक जुनी ट्यूब मिळाली, मुदत संपायला अजून पाच महिने बाकी. ती शेजारच्या काकांबरोबर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला आली.

रूममेटने दोन्ही क्रीमं एकसारख्या दोन स्वच्छ डब्यांत भरली आणि वर 'अ' आणि 'ब' लिहिलं, म्हणजे कोणतं कुठलं ते मला कळू नये. हा बेत पहिल्याच सकाळी फसला, कारण नव्याचं झाकण उघडताच काकडी आणि ओल्या गवतासारखा वास आला. तरी मी चौदा दिवस नेटाने केलं. पहिला आठवडा उजवीकडे जुनं, डावीकडे नवं. दुसऱ्या आठवड्यात बाजू बदलून. दोन्हीकडे अर्ध्या वाटाण्याएवढं, मग सनस्क्रीन, मग डोंबिवली ते परळ लोकल, मग नऊ तास एसी. लावल्यावर पाच मिनिटांनी, दुपारी एकला आणि संध्याकाळी सातला मोबाइलमध्ये नोंद.

नोंदी मराठीत केल्या, आणि त्यामुळे एक गंमत कळली. आपल्याकडे कातडीच्या दुःखाला नेमके शब्द आहेत. चुरचुर म्हणजे बारीक, टोचरी, येऊन जाणारी. चरचर म्हणजे सोललेल्या जागी मीठ लागावं तशी. भगभग म्हणजे आतून वाफ आल्यासारखी, ऊन लागल्यावरची. कंड म्हणजे नखाला बोलावणारी. ओढ म्हणजे तोंड धुतल्यावर हसायला गेलं की गाल कमी पडतात ती. चौदा दिवसांच्या नोंदी वाचल्यावर चित्र असं होतं:

चुरचुर: नव्या क्रीमच्या बाजूला चौदापैकी नऊ दिवस. लावल्यावर अर्ध्या मिनिटात सुरू, दोन-तीन मिनिटांत बंद. फक्त नाकाचा कोपरा आणि ओठांच्या कडा. बाजू बदलल्यावर चुरचुरही बाजू बदलून गेली. जुन्याच्या बाजूला एकदाही नाही.

चरचर, भगभग, कंड: दोन्हीकडे नाही.

ओढ: इथे नवं सरळ जिंकलं. दुपारी एकला, एसीत बसून चार तास झाल्यावर, जुन्याच्या बाजूला थोडी ओढ असायची. नव्याच्या बाजूला शून्य.

चिकचिक: लोकलमधून उतरेपर्यंत नव्याच्या बाजूला नाक आणि कपाळ तुकतुकीत, म्हणजे सभ्य भाषेत तेलकट. जुन्याच्या बाजूला घाम होता, पण तेल नव्हतं.

सनस्क्रीन: नव्यावर लगेच सनस्क्रीन लावलं तर मळ निघावा तसे पांढरे कण निघतात. दहा मिनिटं थांबलं तर नाही. सकाळी ७:०८ ची लोकल पकडणाऱ्यांकडे ती दहा मिनिटं असतात का, हे ज्याने त्याने ठरवावं.

पिंपल्स: नव्याच्या बाजूला थोड्या बारीक पुटकुळ्या आल्या, पण याचे गुण मी धरले नाहीत. रंध्र बुजून पिंपल तयार व्हायला आठवडे लागतात. चौदा दिवसांत कुणालाही दोषी ठरवता येत नाही.

हे सगळं घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. ३६५ रुपयांच्या क्रीमसाठी आठशे रुपये फी. त्यांनी दोन्ही याद्या शांतपणे वाचल्या आणि एक चाचणी सांगितली: कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा, सात दिवस नवं क्रीम लावून बघ. अ‍ॅलर्जी बहुधा लगेच दिसत नाही, ती दोन-चार दिवसांनी खाज आणि पुरळ घेऊन येते. लगेच येऊन लगेच जाणारी चुरचुर बहुतेक वेळा वेगळी असते, नाजूक जागेची कुरकुर असते. सात दिवस कोपराने तक्रार केली नाही. म्हणजे अ‍ॅलर्जीची शक्यता कमी. डॉक्टर म्हणाल्या, "क्रीम वाईट नाही. तुझ्यासाठी नाही, एवढंच."

कंपनीलाही मेल केला. चार दिवसांनी एक फॉर्म आला. त्यात इंग्रजीत विचारलं होतं: इरिटेशन, होय की नाही? माझ्या सगळ्या शब्दांसाठी तिथे एकच खण होता. मी 'होय' वर टिक केलं. उत्तर आलं, की ग्राहकांच्या सूचनांचा विचार करूनच उत्पादन अधिक चांगलं केलेलं आहे, आणि पुढच्या खरेदीवर माझ्यासाठी दहा टक्के सूट आहे. बदल काय केला, कधी केला, कशासाठी केला, यावर एक ओळ नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. चुरचुर तीन मिनिटांची होती. पण त्या दोन महिन्यांत मी परत दिवसातून दहा वेळा आरसा बघायला लागले होते. मीटिंगमध्ये स्क्रीनवरच्या बोलणाऱ्या माणसाऐवजी कोपऱ्यातल्या माझ्याच चौकोनाकडे नजर जायची. चुलतभावाच्या साखरपुड्यात एका मावशीने नुसतं माझ्याकडे पाहिलं, ती काही बोललीही नाही, आणि माझा हात आपोआप हनुवटीवर गेला. चौदा वर्षांची ती मुलगी कुठे गेलेली नव्हतीच. ती फक्त त्या थराखाली गप्प बसली होती. ज्या वस्तूवर आपण एवढं टाकून निर्धास्त होतो, ती दुसऱ्या कुणाची असते आणि तो ती न विचारता बदलू शकतो, हे त्या हाताने मला सांगितलं.

गुढीपाडव्याला सोलापूरला गेले तेव्हा नवी ट्यूब बॅगेत होती. सोलापूरचं ऊन चाळिशी ओलांडायच्या तयारीत आणि हवा पापडासारखी कोरडी. तिथे मीही ते लावून पाहिलं. चुरचुर तिथेही झाली, पण तेलकटपणा नावालाही आला नाही. मुंबईत जे जड वाटत होतं, ते तिथे बेताचं वाटलं. 'लाइटवेट' हा शब्द कोणत्या गावाच्या हवेत छापला जातो, हे ट्यूबवर लिहीत नाहीत.

आई त्रेपन्न वर्षांची आहे. पाळी गेल्यानंतर त्वचेचा कोरडेपणा वाढतो, तसा तिचाही वाढलाय. गेली दोन वर्षं तिचे गाल पांढुरके पडतात आणि त्यावर तिच्याकडे एकच उपाय, खोबरेल. मी ट्यूब फेकून देणार होते, ती म्हणाली, "दे इकडं, पैसे घातलेत." रात्री लावलं. सकाळी पोहे परतताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "चांगलं आहे की गं ते. मला नाही लागत." मग थोडं थांबून, "वास पण बरा आहे."

ज्या वासाने माझा बेत फसवला होता, तो तिला आवडला होता. मी तिला विचारलं, की आजवर तू स्वतःच्या चेहऱ्यासाठी काय विकत घेतलंस? तिने बराच विचार केला. लग्नातली पावडरची डबी आठवली. नंतरचं सगळं माझ्यासाठी घेतलेलं होतं: मुलतानी माती, कडुनिंबाचा साबण, ती टूथपेस्टसुद्धा. माझ्या चेहऱ्याची जेवढी वर्षं गावाने चौकशी केली, तेवढी वर्षं तिच्या चेहऱ्याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. मीही धरून.

तर आता निकाल.

तुमची त्वचा कोरडी असेल, तुम्ही कोरड्या हवेच्या गावात किंवा दिवसभर एसीत असाल आणि सुगंध तुम्हाला सोसत असेल, तर नवा फॉर्म्युला जुन्यापेक्षा खरंच चांगला आहे. त्वचा तेलकट असेल, पिंपल्सचा इतिहास असेल, घामाच्या गावात राहत असाल किंवा त्वचा लगेच कुरकुरणारी असेल, तर हे घेऊ नका. मी आता एक साधं, बिनवासाचं जेल वापरते. ते जुन्याइतकं गुणी नाही, दुपारी थोडी ओढ येते, पण नाकाचे कोपरे शांत आहेत.

आणि ट्यूब कोणतीही असो, तीन सवयी लावून घ्या. आवडत्या क्रीमच्या मागच्या यादीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कुठेही 'नवं' दिसलं की पहिली सहा नावं आणि शेवटची दोन ताडून बघा. बदल असेल तर चेहऱ्याआधी आठवडाभर कोपराला विचारा.

कंपन्यांकडून माझं मागणं त्याहून छोटं आहे. 'नवं, अधिक चांगलं' याच्या जागी 'अमुक महिन्यापासून फॉर्म्युला बदलला आहे. सिलिकॉन काढलं, सुगंध घातला' एवढं छापा. जागा सारखीच लागेल. अधिक चांगलं आहे का, ते आम्ही लावून सांगू.

माझ्याकडून या ट्यूबला पाचपैकी अडीच. आईला फोनवर विचारलं, ती म्हणाली साडेचार. अर्धा कशाचा कापला, विचारलं.

"महाग आहे."

तिच्यासाठी दुसरी ट्यूब मागवली आहे. ती दहा टक्क्यांची सूट वापरून.